कॅम्पिंगचा टॉवेल घ्यायचा तर जुलैमध्येच घ्या

कॅम्पिंगसाठी किंवा गाडीने लांबच्या ट्रिपला न्यायला पटकन वाळणारा टॉवेल घ्यायचा असेल तर तो जुलैमध्ये घ्या, डिसेंबरात नको. डिसेंबरात मुंबईत सगळेच टॉवेल वाळतात, लग्नात आहेर म्हणून आलेले ते जाडजूड गुलाबी टॉवेलसुद्धा, त्यामुळे दुकानदार सांगतोय ते खरं की थापा हे कळायला काही मार्गच नसतो. जुलैत मात्र सांताक्रूझला एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेतच इतकं पाणी की टॉवेलातल्या पाण्याला जायला जागा नाही. आमच्या मुलुंडच्या घरात सकाळी आंघोळीला वापरलेला टर्किशचा टॉवेल दिवसभर फॅनखाली ठेवला तरी रात्री कडांना दमट लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोंड पुसताना तो वास येतो, कुठला ते मुंबईकराला सांगायला नको. या दिवसांत तुमच्या बाथरूममध्ये जो टॉवेल वाळतो तो पवनेला वाळेल, भंडारदऱ्याला वाळेल, काशीदलाही वाळेल.

मला हे कळलं ते कोकणातल्या एका ट्रिपमध्ये. ऑगस्टअखेरचा जोडून सुट्टी आलेला वीकेंड, टेम्पो ट्रॅव्हलर, नऊ माणसं, दापोली-गुहागर-गणपतीपुळे असा चार दिवसांचा कार्यक्रम. बाहेरचे टॉवेल मला नको वाटतात म्हणून मी घरातले चांगले, म्हणजे अर्थातच सगळ्यात जाड, टॉवेल भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना हातात सहा ओले टॉवेल. ते सीटच्या पाठींवर पसरले, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर गाडीत असा काही वास सुटला की ड्रायव्हरकाकांनी कोणाला न विचारता अगरबत्ती लावली. सासूबाईंचा राजापुरी पंचा मात्र रोज कोरडा. आंघोळ झाली की तिथेच खळबळून, घट्ट पिळून, दोनदा झटकून खिडकीच्या गजाला, की निघेपर्यंत काम झालं. मला काही बोलल्या नाहीत, नुसतं बघत होत्या, ते जास्त लागलं.

तर आधी टॉवेल वाळतो म्हणजे काय होतं ते बघू, कारण ते कळलं की पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी फसायला होत नाही. हवा तीच असेल तर टॉवेल किती वेळात वाळेल हे दोनच गोष्टींवर असतं: पिळल्यानंतर त्यात किती पाणी उरलं आणि उरलेल्या पाण्याला वारा किती लागतो. टर्किशच्या टॉवेलला ते सुताचे फासे असतात ना, त्यामुळे तो पाणी छान शोषतो पण सोडत नाही, कितीही पिळा, फाशांच्या मुळाशी पाणी राहतंच आणि वारा तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे ‘खूप शोषतो’ आणि ‘लवकर वाळतो’ हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि जाहिरातीत दोन्ही एका दमात लिहिलेले असतात. घरी आपल्याला पहिला गुण हवा असतो, सोलापुरी टॉवेल त्यासाठी एक नंबर, मी आजही रोज तेच वापरते. पण सॅकमध्ये दुसरा गुण हवा.

आता जीएसएम हा आकडा बघायला शिका. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. घरचा बऱ्यापैकी जाड टॉवेल ५०० जीएसएमच्या आसपास असतो, तो ७० बाय १४० सेंटीमीटरचा धरला तर कोरडाच जवळजवळ ४९० ग्रॅम भरतो, म्हणजे अर्धा किलो, आणि भिजल्यावर तर विचारूच नका. २०० जीएसएमचा मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचा टॉवेल, ८० बाय १३० चा घेतला तर २०० ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कळसूबाई चढताना हा फरक खांद्याला कळतो. माझ्या मते १८० ते २५० हा ट्रेकचा पट्टा, कॅम्पिंगला गाडी थेट तंबूपर्यंत जात असेल तर ३०० पर्यंत जा, त्याच्या वर गेलात की ‘क्विक ड्राय’ हा शब्द फक्त लेबलवरच वाळतो. आणि जीएसएम छापलेलाच नसेल तर दुकानात टॉवेल उचलून ट्यूबलाइटसमोर धरा, बोटांची सावली पुसटशी दिसली तर ठीक, काहीच दिसत नसेल तर ठेवून द्या.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन, यांचे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे. लेबलवर ८० आणि २० असं काहीतरी प्रमाण दिसेल. पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मधल्या बारीक फटींमध्ये धरलं जातं, म्हणूनच पिळलं की भसकन निघूनही जातं. नायलॉनचा वाटा असेल तर टिपायला बरं, नुसतं १०० टक्के पॉलिएस्टर लिहिलेला स्वस्तातला टॉवेल बऱ्याचदा अंगावरचं पाणी इकडून तिकडे सरकवतो आणि तुम्ही आपले पुसताय पुसताय. यात पुन्हा दोन जाती. एक गुळगुळीत, मऊ चामड्यासारखा लागणारा, हा सगळ्यात पातळ, घडी छोटी, आणि समुद्रावर मला हाच आवडतो कारण वाळू चिकटत नाही, झटकली की पडते. दुसरा फाशांचा किंवा चौकडीच्या विणीचा, तो अंगाला टॉवेलसारखा वाटतो, टिपतोही जास्त, पण वाळायला वेळ घेतो आणि वाळू तर त्यात अशी बसते की पुढचे दोन महिने वॉशिंग मशीनमधून काशीदचा किनारा निघत राहतो.

मायक्रोफायबरची खोड पण सांगते. आपल्याला टॉवेलने खसाखसा अंग पुसायची सवय असते, हा तसा वापरायचा नसतो, अंगावर दाबून टिपायचं असतं, नाहीतर ‘अगं हा पुसतच नाहीये’ म्हणून पहिल्याच दिवशी चिडचिड होते. आणि भेगाळलेल्या टाचा, खरखरीत हात यांना तो अडकतो, अंगावर काटा येतो काही जणांना, माझ्या नवऱ्याला तर हातात धरवत नाही. म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी एकदा दुकानात जाऊन हात लावून बघा, डेकॅथलॉनमध्ये किंवा कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात उघडून ठेवलेला असतो. दुसऱ्याच्या रिव्ह्यूवर या बाबतीत जाऊ नका, हा ज्याच्या-त्याच्या कातडीचा प्रश्न आहे.

आता पंचा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण क्विक ड्रायच्या नादात आपण घरातलीच वस्तू विसरतो. राजापुरी पंचा म्हणजे पातळ सुती, सैल विणीचा, फासे नाहीत, दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे पाणी लपायला जागाच नाही आणि वारा आरपार. पहिल्यांदा वापरताना खळीमुळे कडक लागतो आणि पाणी टिपत नाही, दोन-तीन धुण्यांनंतर मऊ होतो, म्हणून ट्रिपच्या आदल्या दिवशी नवा कोरा पंचा घेऊन निघू नका. एकाने अंग पूर्ण कोरडं नाही झालं तर पिळायचा आणि परत पुसायचं, सासूबाई हेच करतात, केस पुसताना मध्येच एकदा पिळतात. वारीत ज्येष्ठ-आषाढात लोक आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जातात, पावसात भिजतात, नदीवर आंघोळ करतात, त्यांच्या खांद्यावरचं ते पातळ कापड बघा, कोणी त्यांना जीएसएम शिकवला नव्हता. शिवाय पंचा बहुगुणी: डोक्याला बांधा, भाकरी गुंडाळा, गरम टोपाचे कान धरा, बोट कापलं तर फाडून पट्टी बांधा. मायक्रोफायबरने गरम टोप कधीही धरू नका हं, पॉलिएस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतो आणि चुलीवरचा किंवा स्टोव्हवरचा टोप तिथपर्यंत सहज जातो, वितळलेलं कापड हाताला चिकटलं तर साध्या चटक्यापेक्षा वाईट. शेकोटीजवळ वाळत घालणंही त्याच कारणासाठी नको, एक ठिणगी आणि भोक.

पंच्याचा तोटा एकच, सुती असल्यामुळे सुताच्या धाग्यातच पाणी मुरतं, तर अगदी बंद जागेत, वारा अजिबात नसेल तिथे, पातळ मायक्रोफायबर त्याच्या आधी वाळतो. वारा असेल तर मला दोघांत फारसा फरक दिसलेला नाही.

बाकीचे प्रकार पटापट. सुती चौकडीच्या विणीचे टॉवेल, ज्यांना वॉफल म्हणतात, ते पंचा आणि टर्किशच्या मधले, गाडीच्या ट्रिपला छान. लिनन चांगला वाळतो पण महाग. बांबूचा म्हणून विकतात तो बहुतेक वेळा बांबूपासून केलेला व्हिस्कोज असतो, लोण्यासारखा मऊ, पण पाणी धरून बसतो, ट्रिपला नाही. स्विमिंगवाली मुलं वापरतात तो स्पंजासारखा शॅमी टॉवेल वाळवायचाच नसतो, पिळून डबीत ओलाच ठेवतात, वाळला की पापडासारखा कडक होतो, त्यामुळे आपल्या कामाचा नाही.

साइजबद्दल लोक सगळ्यात जास्त चुकतात. फोटोत सगळे सारखेच दिसतात आणि घरी आल्यावर निघतो नॅपकिन. ४० बाय ८० म्हणजे तोंड आणि मान पुसायला, एका दिवसाच्या ट्रेकला पुरे. ६० बाय १२० ने अंग पुसून होतं पण गुंडाळता येत नाही. बायकांनी सरळ ८० बाय १३० च्या खाली जाऊ नये असं माझं मत, कारण कॅम्पिंगला बाथरूम कुठे आणि तंबू कुठे, मध्ये अंगाभोवती काहीतरी लागतं, आणि किनाऱ्यावर कपडे बदलायची वेळ आली तर मैत्रिणीने धरलेला टॉवेलच तुमची खोली असते. लांब केस असतील तर एक छोटा वेगळा घ्या, केसांचं पाणी मोठ्या टॉवेलला पाजलंत की तो मग दिवसभर वाळत नाही.

विकत घेताना कडा बघा. हे कोणी सांगत नाही. टॉवेल मधून वाळतो पण कडेला जाड पट्टी किंवा दुहेरी दुमड शिवलेली असेल तर ती तशीच दमट राहते आणि वास तिथूनच सुरू होतो. बारीक शिलाईची, सपाट कड चांगली. एका कोपऱ्यात बटणाचा फास असेल तर उत्तम, झाडाच्या फांदीला, सॅकच्या पट्ट्याला, टेम्पोच्या खिडकीवरच्या दांड्याला कुठेही अडकवता येतो. सोबत येणारी पिशवी जाळीची असावी, प्लास्टिकची असेल तर दुसरं काहीतरी ठेवायला वापरा. ‘अँटी-बॅक्टेरियल’ लिहिलंय म्हणून शंभर रुपये जास्त देऊ नका, वरून लावलेला लेप असेल तर तो धुण्यागणिक कमी होत जातो. आणि घरात चार माणसं असतील तर चार वेगळे रंग घ्या, तंबूतल्या अंधुक उजेडात गडद टॉवेल सगळे सारखेच दिसतात, तेव्हा एक तरी भडक केशरी असू दे. पंच्यासाठी दादरला किंवा लालबागला जुनं कापडाचं दुकान गाठा, एका मायक्रोफायबरच्या पैशात दोन-तीन पंचे सहज येतील.

आणला की एकदा साध्या पाण्यात धुवा, गडद रंग असेल तर एकटाच धुवा, मग परीक्षा. किचनमधला वजनकाटा घ्या, कोरड्या टॉवेलचं वजन लिहून ठेवा. बादलीत पूर्ण भिजवा, ट्रिपला पिळाल तितक्याच जोराने पिळा, परत वजन करा. हा जो फरक आला ते पाणी तुम्हाला हवेत घालवायचंय. मग फॅन न लावता बाथरूमच्या दारामागे टांगा आणि तासातासाने वजन करा, पहिल्या आकड्यावर आला की वाळला. हाताला कोरडा लागतो म्हणून फसू नका, काटा बरोबर सांगतो. सोबत एक पंचा आणि एक घरचा टॉवेल पण टांगा म्हणजे तुलना होते. शेजारी बघतील, बघू देत.

आता प्रत्यक्ष ट्रिपमध्ये. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रात्री टॉवेल तंबूबाहेर दोरीवर ठेवून झोपणं. पवनेला नाहीतर भंडारदऱ्याला थंडीत दव इतकं पडतं की संध्याकाळी वाळलेला टॉवेल सकाळी पिळून काढावा लागतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत आत घ्या, परत सकाळी ऊन आल्यावर बाहेर. घडी घालून टांगू नका, एकेरी पसरून दोन चिमटे. चालताना सॅकच्या पाठीला दोन मोठ्या सेफ्टी पिनांनी लावला की चालता चालता वाळतो, पावसाळी ट्रेकमध्ये अर्थात नाही. कपडे भिजले असतील तर एक युक्ती: कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर ओला टी-शर्ट, दोन्हीची गुंडाळी करून दोघांनी दोन टोकांना धरून पिळायचं, टी-शर्टमधलं बरंच पाणी टॉवेलात येतं, मग टॉवेल एकटा पिळायचा.

समुद्रात डुंबल्यावर पुसलेला टॉवेल गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत घालू नका. पावसाळ्यात आपली मिठाची बरणी कशी पाझरते, तसंच टॉवेलातलं समुद्राचं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि टॉवेल कितीही वेळ ठेवा, चिकट ओलाच. एक तांब्या पाणी त्याच्यावर खर्च करा.

कॅम्पर व्हॅनने जात असाल, म्हणजे आपल्याकडे आता २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणानंतर त्या जरा बघायला मिळतात आणि भाड्यानेही घेतात लोक, तर तिथे वेगळाच घोळ असतो. आतली जागा छोटी, त्यात चहा उकळतोय, चार माणसं श्वास घेतायत, कोणीतरी आंघोळ केलीय, आणि त्यात ओले टॉवेल टांगले तर टॉवेलातलं पाणी व्हॅनच्या हवेत आणि तिथून थंड काचांवर आणि गाद्यांवर. म्हणजे टॉवेल वाळला पण उशी दमट. थांबलात की आधी दोरी बाहेर बांधा, व्हॅन ते झाड. पाऊस असेल तर एसी चालू असताना त्याच्या झोतासमोर टांगा, एसी हवेतलं पाणी काढून घेतो म्हणून तिथे खरंच वाळतो, नुसत्या हीटरने तसं होत नाही. लोहचुंबकाचे हूक घेऊन जाणार असाल तर आधी व्हॅनच्या आतल्या भिंती लोखंडी आहेत का बघा, फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते हूक खिशातच राहतात. टाकीतलं पाणी मोजकं असतं, त्यामुळे अर्ध्या बादलीत धुऊन निघणारा पातळ टॉवेल इथे दुप्पट उपयोगाचा. आणि चालत्या गाडीत आरशावर किंवा ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीवर टॉवेल लटकवू नका, प्लीज.

वासाचं शेवटी सांगते. तो कुबट वास ओल्या कापडात वाढणाऱ्या बॅक्टेरियांचा असतो, त्यातल्या एकाचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, आणि तो चिवट इतका की कापड वाळल्यावरही टिकतो आणि पुन्हा ओलं झालं की परत हजर. म्हणून ओला टॉवेल बंद पिशवीत रात्रभर ठेवायचाच नाही, ठेवावाच लागला तर घरी पोचल्या पोचल्या आधी तो बाहेर, चहा नंतर. पंच्याला वास लागला तर सरळ उकळत्या पाण्यात घाला आणि उन्हात टाका, जातो. मायक्रोफायबरला उकळतं पाणी चालत नाही, इस्त्रीही नाही, लेबलवर जे तापमान असेल तेवढंच, मग पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवून धुवा. फॅब्रिक कंडिशनर दोघांनाही नको, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी घेईनासा होतो. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला तर सगळा लिंट, म्हणजे सुताचा भुसा, तोच गोळा करतो, वेगळा धुवा. आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात, हेही खरंच आहे, मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून घरी रोजच्याला मी तो वापरत नाही.

माझ्या सॅकमध्ये आता एक ८० बाय १३० चा गुळगुळीत मायक्रोफायबर आणि एक पंचा असतो, अंगाला मायक्रोफायबर, केसांना आणि बाकी सतरा कामांना पंचा. सासूबाईंनाही एक मायक्रोफायबर आणून दिला होता, निळा. एकदा वापरला आणि म्हणाल्या, ‘अगं, हा ओल्या मांजरासारखा लागतो हाताला,’ आणि परत केला. पुढच्या कोकण ट्रिपला घाटात पाऊस लागला, पुढची काच आतून धुरकट झाली, ड्रायव्हरकाका बाहीने पुसायला लागले तेव्हा सासूबाईंनीच मागून तो निळा टॉवेल पुढे दिला, दोन हातांत काच लख्ख. तो आता ड्रायव्हरकाकांच्याच गाडीत असतो, मी मागितला नाही.